अर्ध्या वाटेतलं हार्डवेअर : प्लेस्टेशन प्रो आणि खोडदची दुर्बीण

आजचा एपिसोड एका भांडणातून आलाय. भांडण म्हणजे घरातलंच, त्यामुळे घाबरू नका.

झालं असं. माझ्या मंचरच्या आतेभावानं २०२३ मध्ये पीएस५ घेतला, हप्त्यांवर. सप्टेंबर २०२४ मध्ये सोनीनं पीएस५ प्रो जाहीर केला. तोच कन्सोल, तेच गेम, पण ग्राफिक्सची ताकद जास्त. अमेरिकेतली तेव्हाची किंमत ६९९.९९ डॉलर. आमच्या साहेबांचे हप्ते अजून चालू. रात्री अकराला मेसेज आला, "दादा, माझा जुना झाला का रे?" मी म्हटलं, झोप. पुढच्या महिन्यात सोनीनं सांगितलं की प्रो भारतात येणार नाही. कारण काय? त्या मशीनमधलं नवीन वायफाय ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं आणि आपल्या देशात त्या वेळी त्या पट्ट्याला परवानगी नव्हती. आतेभाऊ जाम खूष. शेजाऱ्याच्या विहिरीलाही पाणी लागलं नाही की माणूस जसा खूष होतो ना, तसा.

पण खरी गंमत पुढे आहे. हे सगळं ऐकून आत्या म्हणाली, "म्हणजे आपल्या खोडदच्या दुर्बिणीमुळे आला नाही का तो?"

नाही. खोडदची दुर्बीण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते, ६ गिगाहर्ट्झ तिच्या खूप वर आहे. पण आत्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण कन्सोलला पिढीच्या मध्येच नवं हार्डवेअर द्यावं का, हा वाद जगभर चालू असताना त्याचं एक मोठं उत्तर नारायणगावपासून दहा-बारा किलोमीटरवर उभं आहे. तीस डिशचं. तिथं जाणारच आहोत आपण, पण आधी कन्सोलकडे बघू.

कन्सोलची "पिढी" ही कल्पना फोनसारखी नाही. फोन दरवर्षी येतो, आपण दुर्लक्ष करतो. कन्सोलमध्ये एक न लिहिलेला करार असतो: आज पैसे टाक, पुढची सहा-सात वर्षं जो गेम येईल तो तुझ्या डब्यावर चालेल. म्हणून तर लोक एकदम चाळीस-पन्नास हजार काढतात. पीएस४ भारतात आला जानेवारी २०१४ मध्ये, ३९,९९० रुपयांना. पीएस५ आला फेब्रुवारी २०२१ मध्ये, ४९,९९० ला, आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० झाला. आमच्याकडे एवढ्यात ठिबकचं काम निघतं.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता म्हणा. जत्रेतून आणलेला "टीव्ही गेम", त्यात पिवळी कॅसेट, कॅसेटवर "९९९९ इन १" लिहिलेलं आणि आत खरे गेम पंधरा-वीस. कॅसेट चालेना की फुंकर मारायची. तो जपानी निन्टेंडोच्या मशीनची नक्कल होता हे कळायला मला कॉलेज उजाडलं. त्याला पिढी नव्हती, अपग्रेड नव्हतं. बंद पडला की पुढच्या जत्रेपर्यंत थांबायचं.

बाहेरच्या जगात मात्र मधल्या अपग्रेडचा इतिहास बराच जुना आहे, आणि त्यातला सगळ्यात फसलेला किस्सा सेगाचा. सेगाचं मेगा ड्राइव्ह हे १६ बिटचं मशीन जोरात चाललं होतं. त्याला आधी एक सीडीचं जोडयंत्र दिलं. मग नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत त्यावर "३२एक्स" नावाचं दुसरं यंत्र बसवायला काढलं. मशीनच्या डोक्यावर मशीन. प्रत्येकाला वेगळा अडॅप्टर. तिन्ही जोडले तर भिंतीवर तीन प्लग! आणि लोक हे विकत घेत असताना, त्याच महिन्यात, जपानमध्ये सेगानं आपला पुढच्या पिढीचा सॅटर्न बाजारात आणला. मग ३२एक्स कोण घेणार, आणि त्याच्यासाठी गेम कोण बनवणार? एकूण चाळीसच्या आसपास गेम निघाले आणि १९९६ पर्यंत विषय संपला. ज्यांनी पैसे घातले होते त्यांनी ते लक्षात ठेवलं. सेगावरचा विश्वास तिथून उडायला लागला, असं बरेच जण मानतात. मलाही तसंच वाटतं.

निन्टेंडोनं १९९८ मध्ये हेच काम शांतपणे केलं. निन्टेंडो ६४ मध्ये ४ एमबी मेमरी होती. त्यांनी एक छोटी वडी काढली, झाकण उघडून खाचेत बसवली की ८ एमबी. ती खाच मशीनमध्ये पहिल्या दिवसापासून होती, म्हणजे वाढीची जागा आधीच सोडलेली. जसं आपण घर बांधताना वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया बाहेर ठेवतो. तरी त्यातही एक मेख होती: डाँकी काँग ६४ आणि मेजोराज मास्कसारखे गेम ती वडी असल्याशिवाय चालायचेच नाहीत.

२०१६ मध्ये पीएस४ प्रो आला तेव्हा सोनीनं नियम केला की प्रोवर चालणारा प्रत्येक गेम साध्या पीएस४ वरही चालला पाहिजे. प्रोवर चित्र जास्त स्वच्छ, पण गेम तोच. करार मोडला नाही. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन एक्स काढला, तोही याच वाटेनं.

आणि एक उलटा किस्सा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. पीएस३ वर सुरुवातीला लिनक्स टाकता यायचं. त्यामुळे शास्त्रज्ञांनी तो गेमसाठी नाही, गणितासाठी विकत घेतला. अमेरिकेत गौरव खन्ना नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००७ मध्ये पीएस३ एकमेकांना जोडून कृष्णविवरांची गणितं सोडवली. अमेरिकी हवाई दलानं तर १,७६० पीएस३ जोडून महासंगणक उभा केला. आणि १ एप्रिल २०१० ला सोनीनं एक अपडेट सोडून ही लिनक्सची सोय काढून टाकली. अपडेट नको म्हणालात तर ऑनलाइन खेळणं बंद. म्हणजे पिढीच्या मध्ये फक्त मिळतं असं नाही, मधेच काढूनही घेतात. मशीन तुमच्या घरात, पण चावी त्यांच्याकडे.

आता चला खोडदला.

नाशिक हायवेवर नारायणगावात उतरून पूर्वेला वळलात की टोमॅटो, ऊस, मका, आणि मधूनच एक प्रचंड डिश आकाशाकडे तोंड करून. ४५ मीटर व्यास. अशा ३०. त्यातल्या १४ मधल्या एखाद्या चौरस किलोमीटरात दाटीनं, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. हे जीएमआरटी, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. पुण्याच्या एनसीआरए या संस्थेचं, आणि ती टीआयएफआरची.

हे ज्यांच्या डोक्यातून आलं ते गोविंद स्वरूप. यांची गोष्ट सेकंडहँड हार्डवेअरपासून सुरू होते, म्हणून जरा रेंगाळतो. १९५३ च्या सुमारास ते सिडनीला शिकायला गेले. तिथं पॉट्स हिल नावाच्या ठिकाणी सहा-सहा फुटांच्या ३२ छोट्या डिश सूर्याचा अभ्यास करायला लावलेल्या होत्या. ऑस्ट्रेलियावाल्यांचं पुढचं यंत्र ठरलं आणि या डिश भंगारात निघायची वेळ आली. स्वरूप म्हणाले, आम्हाला द्या. त्या भारताला भेट मिळाल्या, बरीच वर्षं पडून राहिल्या, आणि १९६३ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून स्वरूप टीआयएफआरमध्ये आल्यावर १९६५ मध्ये आपल्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या. लोकलच्या कल्याणजवळ! महाराष्ट्रातली रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात दुसऱ्याच्या जुन्या मशीनवर झाली. जुनं झालं म्हणजे संपलं नाही, हे या माणसानं अगदी पहिल्याच कामात बघितलं होतं.

मग ऊटीला १९७० मध्ये डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. आणि १९८४ मध्ये जीएमआरटीची कल्पना. अडचण अशी की ४५ मीटरच्या भरीव पत्र्याच्या ३० डिश बांधायला आपल्याकडे पैसा नव्हता. वजन वाढलं की पाया वाढतो, मोटर वाढते, वाऱ्याचा जोर वाढतो, खर्च वाढतच जातो. स्वरूप आणि त्यांच्या टीमनं पत्राच काढून टाकला. स्टीलच्या बारीक तारेची जाळी, आणि तिला आकार द्यायला ताणलेल्या तारा. दोन सेंटिमीटरच्या आतली भोकं. वारा आरपार जातो. पण रेडिओ लहर २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, तिला ती भोकं दिसतच नाहीत, ती परत फिरते. या पद्धतीचं नाव ठेवलं "स्मार्ट". तेव्हा स्मार्टफोन जन्मालाही आले नव्हते.

२००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली. अर्ज करायचा, वेळ मिळवायचा, निरीक्षण करायचं. आणि पाच-सात वर्षांतच तो आतेभावाचा प्रश्न इथंही आला: आपली जुनी झाली का?

झालीच होती, एका अर्थानं. डिश ठणठणीत, पण आतलं इलेक्ट्रॉनिक्स नव्वदच्या दशकातलं. एका वेळी फक्त ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकू यायचा. आणि खिडक्याही ठरलेल्या: १५०, २३३, ३२७, ६१०, आणि १००० ते १४५० मेगाहर्ट्झ. त्याच काळात अमेरिकेनं न्यू मेक्सिकोतली आपली व्हीएलए दुर्बीण, सत्तरच्या दशकातल्या डिश तशाच ठेवून, आतून पूर्ण नवी केली. युरोपात, आफ्रिकेत नव्या दुर्बिणी येऊ घातल्या होत्या. मग खोडदकरांनी काय करायचं? नवी दुर्बीण मागायची, की आहे तिलाच आतून बदलायचं?

त्यांनी दुसरं केलं. यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास दशकभर हे काम चालवलं आणि २०१९ मध्ये ते पूर्ण झालं. डिशच्या तोंडाशी, मधोमध उंचावर, एक फिरतं चौकोनी खोकं असतं. त्याच्या चार बाजूंना चार रिसीव्हर, ज्याला "फीड" म्हणतात. हवी ती बाजू डिशकडे फिरवायची. खोकं तेच ठेवलं, फीड बदलले. आता मध्ये थोड्या फटी सोडल्या तर १२० पासून १४५० मेगाहर्ट्झपर्यंत बहुतेक सगळं ऐकू येतं. मोबाईलचा ९०० चा पट्टा त्यातल्या एका फटीत येतो, आणि ते बरंच आहे. एका वेळी ऐकायची रुंदी ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झ.

आता थोडं गणित, पळू नका. रुंदी साडेबारा पट झाली म्हणजे दुर्बीण साडेबारा पट तीक्ष्ण झाली असं नाही. संवेदनशीलता वर्गमुळानं वाढते, म्हणजे साधारण साडेतीन पट, आणि प्रत्यक्षात तीनपर्यंत. पण हीच वाढ डिशची संख्या वाढवून मिळवायची म्हटली असती तर तीसच्या नव्वद डिश कराव्या लागल्या असत्या. तेवढी जमीन कुणी दिली असती?

आणि हे सगळं दुर्बीण चालू ठेवून. हे मला सगळ्यात भारी वाटतं. चालत्या बैलगाडीचं चाक बदलायचं तसं, एकेक डिश कामाला घ्यायची आणि बाकीच्यांनी निरीक्षण चालू ठेवायचं. जुना सिग्नल आणि नवा सिग्नल एकाच ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशाच्या वेगवेगळ्या रंगांवर शेजारी-शेजारी पाठवला. ज्याचा प्रकल्प जुन्या यंत्रणेवर अर्धा झाला होता, त्याला अर्ध्यात सोडलं नाही. पीएस४ प्रोचा नियम आठवा.

फुकट काहीच नसतं म्हणा. जुन्या एका फीडमध्ये २३३ आणि ६१० मेगाहर्ट्झ एकाच वेळी ऐकता यायचं. नवा फीड आला आणि ती सोय गेली. काही निरीक्षकांना ते टोचलं असणार.

आता ज्या भागासाठी मी हा एपिसोड करतोय तो. तीस डिशचे सिग्नल आले की प्रत्येक डिशची दुसऱ्या प्रत्येक डिशशी जोडी लावून तुलना करावी लागते. किती जोड्या? तीस गुणिले एकोणतीस भागिले दोन, ४३५. आणि हे प्रत्येक क्षणाला, ४०० मेगाहर्ट्झच्या हजारो बारीक तुकड्यांसाठी. हे कोण करतं? जीपीयू. होय, तेच ग्राफिक्स कार्ड. नव्या यंत्रणेत सिग्नल आधी एका प्रकारच्या चिपवर आकड्यांत बदलतो आणि मग जीपीयूच्या रांगेत गुणाकार होतात.

जीपीयू शास्त्रज्ञांसाठी बनलेच नव्हते. ते बनले गेमसाठी. नव्वदच्या दशकापासून जगभरची पोरं "अजून चांगले ग्राफिक्स पाहिजेत" म्हणत दर दोन वर्षांनी कार्ड बदलत राहिली, म्हणून एनव्हिडियासारख्या कंपन्या मोठ्या झाल्या, म्हणून २००७ च्या सुमारास त्याच कार्डांवर साधं गणित करायची सोय आली, आणि म्हणून खोडदला ते परवडले. अपग्रेडच्या ज्या हव्यासाला आपण नावं ठेवतो, त्याच हव्यासाच्या पैशावर आपल्या तालुक्यातली दुर्बीण तीनपट तीक्ष्ण झाली. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती आतेभावाकडे बघून म्हणाली, "तरी हप्ता तूच भरायचा."

याचं फळ काय मिळालं तेही सांगतो. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झवर बोलतो. पण आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला सिग्नल विश्व पसरल्यामुळे ताणला जातो आणि आपल्याकडे ७०० च्या आसपास पोहोचतो. जुन्या यंत्रणेला ती जागा जवळजवळ बंदच होती. नव्या फीडला ती उघडी. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी साडेसात हजारांहून जास्त दीर्घिकांचे बारीक सिग्नल एकत्र करून त्या काळातल्या दीर्घिकांमध्ये किती हायड्रोजन होता हे मोजलं. २०२० मध्ये ते नेचर या नियतकालिकात आलं. मग जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा मिळाल्याची बातमी आली, त्यात युरोपच्या दुर्बिणींबरोबर खोडदची निरीक्षणंही होती. गोविंद स्वरूप सप्टेंबर २०२० मध्ये पुण्यात गेले. अपग्रेड झालेली दुर्बीण त्यांनी बघितली होती.

आता माझं मत. मधलं अपग्रेड चांगलं की वाईट, असा प्रश्नच अर्धवट आहे. त्या वस्तूत टिकणारं काय आहे आणि ते तुम्ही सांभाळलं का, ते आधी सांगा. दुर्बिणीत टिकणारी वस्तू डिश आहे, ती कुणी हलवली नाही. कन्सोलमध्ये टिकणारी वस्तू डबा नव्हे, तुमचे गेम. जुने गेम नव्यावर चालतात, नवे जुन्यावर चालतात, मग खुशाल काढा प्रो. या हिशेबात पीएस४ प्रो पास. सेगा नापास. आणि पीएस५ प्रो? गेम चालतात, ठीक. पण त्यात डिस्क ड्राइव्ह नाही, ती वेगळी विकत घ्यायची. आपल्याकडे पोरं गेमच्या डिस्क वापरून विकतात, दोघांत मिळून एक घेतात, पुण्याला जाऊन बदलून आणतात. त्यांच्यासाठी ही डिश कापून अपग्रेड दिल्यासारखं आहे. मी काठावर पास करतो.

पण एक हिशेब मला जमत नाही, आणि तो आपल्या भागाचा आहे. दुर्बिणीला शांतता लागते. मोबाईल टॉवर, वीजवाहिनीवरचं स्पार्किंग, कारखान्यातली यंत्रं, सगळं तिच्या कानात ओरडतं. अपग्रेडनंतर कान जास्त रुंद झाले, म्हणजे गोंगाटही जास्त ऐकू येतो, आणि तो गाळायची खास यंत्रणा बसवावी लागली. परिसरात उद्योगांवर बंधनं आहेत. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मार्ग याच दुर्बिणीपाशी अडला. जुन्नर-आंबेगावातल्या पोरांनी कित्येक वर्षं त्या रेल्वेची वाट बघितली. चाकणला कामाला जाणारा माझा मित्र म्हणतो, "विश्वाचा हायड्रोजन मोजला, चांगलं झालं. माझी गाडी कधी?" मी त्याला काय सांगू? प्रोची किंमत गिऱ्हाईक स्वतः भरतं, नको असेल तर घेत नाही. दुर्बिणीची किंमत ज्यांनी मोजली त्यांना विचारलं होतं का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. आणि तरीही ती दुर्बीण इथून हलावी असं मला वाटत नाही. दोन्ही खरं आहे, काय करणार.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन असतं. शाळांच्या एसट्या, कॉलेजची पोरं, आसपासचे शेतकरी, तोबा गर्दी. आतेभावाला आणि त्या मित्राला यंदा सोबत नेतोय. तुम्हीही या. फक्त डिशच्या जवळ मोबाईल बंद ठेवायला सांगतात, त्यामुळे हा एपिसोड राहिला असेल तर नारायणगावच्या स्टँडवरच ऐकून संपवा.